आधी सनीला सुई द्या

सासूबाईंनी माझा टॉवेल पोळ्यांच्या चिमट्याने उचलला.

मागच्या अंगणातल्या दोरीवरून. सगळ्यांच्या कपड्यांतून तेवढा एकच. हात लांब करून, मान मागे घेऊन, मेलेली पाल उचलावी तसा. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर टाकला. मग चिमटाही त्यावरच ठेवला. दोन्हीची पुडी बांधली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पाचवा महिना. हातात चहाचा कप. नवरा टेबलाशी बसून टोस्टला लोणी लावत होता. त्याने पाहिलं. त्याने पाहिलं हे मी पाहिलं. त्याने टोस्ट उलटा केला आणि दुसऱ्या बाजूलाही लोणी लावलं.

"तुझा साबण, टॉवेल, सगळं आता वरच्या बाथरूममध्ये ठेवायचं," सासूबाई म्हणाल्या. "खालचं घरातल्या माणसांचं आहे."

मी विचारलं, "आई, काय झालं?"

"मला सांगायला लावू नकोस. डॉक्टरांचा फोन आला होता. आमच्या घरात असलं कधी ऐकलं नव्हतं. तुमच्या लोकांत चालत असेल."

तुमच्या लोकांत. हे दोन शब्द मी शाळेच्या पहिल्या वर्गापासून ऐकत आले आहे. भंडारा जिल्ह्यातल्या गावात ऐकले, नागपूरच्या कॉलेजात ऐकले, मोहालीच्या ऑफिसात इंग्रजीत ऐकले. पण पोटात पोर घेऊन, हातात चहाचा कप घेऊन, सकाळी सकाळी ऐकायची ती पहिलीच वेळ. कप मी तसाच ओट्यावर ठेवला.

तपासणी माझी. रक्त माझं. आणि डॉक्टरांचा फोन सासूबाईंना. मला नाही, नवऱ्याला नाही. माझ्या अंगात काय आहे ते मला सोडून सगळ्या घराला आधी कळलं.

त्या आजाराचं नाव सिफिलिस. आपल्याकडे जुनी माणसं गरमी म्हणतात, तेही आवाज खाली करून. तो टॉवेलने होत नाही. साबणाने, कपाने, दोरीवरच्या कपड्यांनी होत नाही. तो अंगाला अंग लागून होतो. माझ्या अंगाला आयुष्यात एकच पुरुष लागला होता आणि तो टोस्ट खात होता.

त्या घराबद्दल सांगते. सासरे फौजेत कर्नल होते. शेवटची पोस्टिंग चंडीमंदिरच्या छावणीत, मग इथंच चंडीगडात कोठी, म्हणजे बंगला, घेतली आणि राहिले. सासूबाई पुण्याच्या. त्यांचं मराठी अजून इस्त्री केलेलं. नवरा इकडे उत्तरेतच वाढला. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देतो. घरात त्याला सनी म्हणतात. चाळिशीकडे झुकलेल्या बाप्याला सनी. मीही सनीच म्हणते, सवय लागली.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. सनी त्याच ऑफिसात वरच्या जागेवर होता. आम्ही आमच्या मर्जीने लग्न केलं. सासूबाईंनी अडवलं नाही. त्या अडवत नाहीत, फक्त लक्षात ठेवतात. लग्नात आलेल्या बायकांना त्या सांगत होत्या, "मुलगी हुशार आहे हो. कोट्यातून आली असली तरी हुशार आहे." हे त्या कौतुक म्हणून सांगत होत्या. मी हार घालून शेजारी उभी होते.

आम्ही दोघं मोहालीत राहायचो, मी लग्नाआधीपासून भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये. शनिवार-रविवार कोठीवर. दिवस राहिले तेव्हा मी मोहालीतल्याच एका साध्या दवाखान्यात जात होते. सासूबाईंना ते पटलं नाही. पहिलं नातवंड. त्यांच्याच डॉक्टरकडे जायचं. चौथा महिना सरता सरता त्या मला घेऊन गेल्या.

त्या डॉक्टरला सगळे डॉक्टर आंटी म्हणतात. पंजाबी बाई, साठीची, हसतमुख. तिचा नवरा आणि माझे सासरे एकाच युनिटमध्ये होते. सनीच्या बारशाला, मुंजीला, दहावीच्या पार्टीला ही बाई हजर. क्लिनिक एका सेक्टरात, स्वतःच्याच कोठीच्या खालच्या मजल्यावर. आतल्या दारावर पाटी: जेंट्स नॉट अलाउड. गरोदर बायकांच्या लाजेसाठी लावलेली असेल. मला आधी ती पाटी बरी वाटली होती.

टॉवेलच्या त्या सकाळीच मी सनीला घेऊन क्लिनिकला गेले. तो पाटीपाशी थांबला. आंटीने आतूनच आवाज दिला, "सनी बेटा, तू बाहर बैठ. लेडीज़ की बात है."

तो बसला. सुटल्यासारखा बसला.

आत आंटीने चष्मा काढला आणि विचारलं, "बेटा, शादी से पहले कोई था?"

"नहीं."

"देख, मैं जज नहीं कर रही. कॉलेज में, गाँव में, कोई एक आधा?"

"नहीं आंटी."

ती हसली. समजूतदार हसू. खोटं बोलणाऱ्या मुलाला शिक्षक हसतात ना, तसलं. मग तिने मला समजावलं की पेनिसिलिनची इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर आठवड्याला एक, असे तीन आठवडे. घेतली तर बाळ वाचतं. नाही घेतली तर बाळ पोटातच जाऊ शकतं, किंवा आजार घेऊन जन्माला येतं. हाडांत, डोळ्यांत, मेंदूत. तिने हे सगळं नीट सांगितलं. डॉक्टर म्हणून ती वाईट नव्हती, हे मला मान्य आहे.

मी विचारलं, "और सनी? उसकी टेस्ट?"

"सनी?" तिने हातच झटकला. "उसको तो मैंने गोद में खिलाया है."

"पर आंटी, मुझे तो उसी से..."

"सनी का मैं देख लूँगी. तू अपना देख."

सुई कमरेच्या खाली, मांसात. औषध घट्ट. आत जाताना पाय बधिर होतो आणि मग रात्रभर ठणकतो. मी पलंगाचा लोखंडी गज धरून ठेवला आणि ओरडले नाही. दुखण्यापेक्षा त्या हसण्याचा राग जास्त होता.

परत येताना लाइट पॉइंटला गाडी थांबली. मी विचारलं, "कधी?"

त्याने रेडिओचा आवाज कमी केला. नाटक केलं नाही, एवढं श्रेय देते. "बँकॉक. बॅचलर ट्रिप. यार, सब लड़के गए थे."

आमच्या लग्नाच्या तोंडावरची ट्रिप. मी त्याची बॅग भरून दिली होती.

"आईला सांग."

"मम्मी को? पागल है क्या?"

"तिने माझा टॉवेल चिमट्याने फेकला, सनी. तू बघत होतास."

"वो पुराने ख़याल की है यार. ठंडी हो जाएगी."

सिग्नल हिरवा झाला. त्याने गाडी पुढे घेतली आणि रेडिओचा आवाज पुन्हा मोठा केला. मला त्या बँकॉकचा राग आला होता, खरंच आला होता. पण त्याहून जास्त राग आला तो या शांतपणाचा. आजार त्याने आणला आणि खापर माझ्या माथ्यावर फुटताना हा माणूस मूग गिळून बसला होता. आणि खापर फोडायला जागाही कशी तयार होती! माझं गाव होतं. माझी वस्ती होती. माझं आडनाव होतं. कर्नलच्या मुलावर संशय घ्यायला मेहनत लागते. माझ्यावर घ्यायला काहीच लागत नाही.

मी आईला फोन केला. माझी आई गावी असते, धानाच्या रोवणीला जाते, आता गुडघे धरले म्हणून कमी जाते. मी रडत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "पोराले तं काही होनार नाही ना वं?"

"सुई घेतली तर नाही."

"अन् त्यानं घेतली का?"

अडाणी बाई. पण पहिला प्रश्न पोराचा आणि दुसरा हा. कोणत्याही बाईला सुचेल असा साधा प्रश्न. आमच्या कोठीत तो कुणाला सुचला नाही, आणि क्लिनिकमधल्या आंटीच्या तर सनी मांडीवर खेळला होता.

मी सनीच्या मागे लागले. रोज. जेवताना, ऑफिसला जाताना, ऑफिसातून येताना. टेस्ट कर. सुई घे. तोवर माझ्याजवळ यायचं नाही. मी हॉलमध्ये गादी टाकून झोपायला लागले. माझी इंजेक्शनं संपली आणि थोड्या दिवसांनी एका संध्याकाळी तो मिठाई घेऊन आला. म्हणाला, "हो गया यार. मेरा भी सब हो गया. आंटी ने क्लियर कर दिया."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? नवरा आहे, शिकलेला आहे, बाप होणार आहे. आंटीने "मैं देख लूँगी" म्हटलं होतं, तिने पाहिलं असणार. गादी उचलून मी परत खोलीत गेले.

दिवाळीला मी एकटीच माहेरी जाऊन आले. पहिला दिवाळसण, जावई येणार म्हणून बाबांनी नवं कपाट घेतलं होतं. जावयाला ऑफिसचं काम निघालं.

सातवा महिना संपत आला. चंडीगडची थंडी सुरू झाली. दुपारी दोनपर्यंत धुकं. सासूबाईंनी कोठीच्या लॉनवर डोहाळजेवण ठरवलं. इथे मराठी फौजी कुटुंबं बरीच, त्यांचा गोतावळा मोठा. हिरवी पैठणी आणली. फुलांचे दागिने दिल्लीहून मागवले. वरच्या बाथरूमची आठवण त्या काळात कुणी काढली नाही, पण मला खालचं वापर असंही कुणी म्हटलं नाही.

डोहाळजेवणाच्या आधीच्या आठवड्यात आंटीने रक्त पुन्हा तपासायला घेतलं. औषध लागू पडलं का ते पाहायला. आकडा खाली यायला हवा होता. तो वर गेला होता. पहिल्यापेक्षाही वर.

या वेळी क्लिनिकमध्ये सासूबाई माझ्याबरोबर आत होत्या. "मम्मी तो घर की हैं," आंटी म्हणाली. सनी पाटीच्या बाहेर मोबाइल बघत बसला होता.

"ये तो फिर से आ गया," आंटी म्हणाली. तिने सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "इलाज तो मैंने पूरा किया था. अब ये कहाँ से आया?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मराठीत बोलल्या, आंटीला कळू नये म्हणून. "खरं काय ते सांग. दिवाळीला माहेरी गेली होतीस. एकटी."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. माझ्या बापाच्या घरी. आईच्या शेजारी झोपले होते मी. त्या घराबद्दल ही बाई हे बोलत होती. माझे कान गरम झाले. लहानपणी मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर उभं केलं की असं व्हायचं. मोठी झाले, पगार कमावते, पण अंग तेच.

मग डोकं चालायला लागलं. माझं काम सोपं आहे. दुरुस्त केलेली चूक परत आली तर परत का आली ते शोधायचं. दोन ठिकाणी बिघाड असेल आणि एकच ठिकाण दुरुस्त केलं असेल तर ती परत येणारच.

मी आंटीला विचारलं, "सनी को इंजेक्शन कब दिए थे आपने?"

"सनी को?" ती गोंधळली. "मैंने कब दिए?"

"टेस्ट?"

"बेटा, मैंने उसको फ़ोन पे बोला था, थोड़ा परहेज़ रखना. अब मैं उसको क्या बोलती, पैंट उतार?" ती हसली. सासूबाईही किंचित हसल्या. बाळपणीचा सनी दोघींच्या डोळ्यांसमोर आला असावा.

तर असं होतं. सब हो गया म्हणजे एक फोन. क्लियर म्हणजे तो फोन ठेवणं. तो माझ्याशी खोटं बोलला, आणि ही बाई ज्याला मांडीवर खेळवलं त्याची लाज राखायला डॉक्टरकी विसरली. मी तीन आठवडे पाय ओढत चालले. माझ्या पोटातल्या जिवाला औषध दिलं आणि परत विष दिलं. माझ्याच खोलीत.

"त्याला आत बोलवा," मी म्हणाले. "आत्ता."

"उसको क्यों एम्बॅरस करना?" आंटीने माझा हात थोपटला. "तेरा कोर्स दोबारा शुरू करते हैं. संडे का फंक्शन हो जाने दे. उसके बाद मैं सनी को प्यार से समझा दूँगी."

"चारचौघांत शोभा नको," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे यायचेत."

मी सुई घेतली. बाळासाठी घेतली. पलंगावरून उठताना पाय लटपटला, कुणाचा हात धरला नाही.

रविवारी ऊन छान पडलं. लॉनवर झोपाळा, त्याला झेंडूच्या माळा. बायका नटून आलेल्या. एका टेबलावर दोन वाट्या झाकून ठेवलेल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. मी वाटी उचलली, पेढा निघाला. सगळ्या ओरडल्या, मुलगा, मुलगा! पलीकडे पुरुषांचं टेबल, तिथे सनी पकोडे खात होता. तोही हात वर करून ओरडला. मित्रांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

मी झोपाळ्यावर बसले होते. फुलांच्या मुकुटाने कपाळाला खाज सुटली होती. सुईची जागा अजून ठणकत होती. आणि तो तिथे उभा राहून थापा घेत होता. माझं सगळं अंग पेटलं.

ओटी भरायची वेळ झाली. पहिला मान कुणाचा? सासूबाईंनी जाहीर केलं, "आपल्या डॉक्टर आंटींचा. सनी झाला तेव्हा ह्याच होत्या माझ्याजवळ."

आंटी आली. डोक्यावर दुपट्टा घेतलेला, हातात नारळ, तांदूळ, खण. कौतुकाने भरलेला चेहरा. बायकांनी मला पदर पसरायला सांगितलं.

मी पदर पसरला नाही. गोळा केला, मुठीत धरला आणि उठून उभी राहिले.

मी हिंदीत बोलले. सगळ्यांना कळायला हवं होतं. पुरुषांच्या टेबलापर्यंत जायला हवं होतं.

"ओटी बाद में, आंटी. पहले सनी को सुई दीजिए."

तिला वाटलं मी थट्टा करते. "क्या बोल रही है बेटा?"

"मुझे सिफिलिस है. सनी से हुआ है. आपने मेरा इलाज किया, उसका नहीं किया. इसलिए मुझे दोबारा हुआ. अब आप मेरी ओटी में चावल डाल रही हैं. चावल से बच्चा नहीं बचेगा."

कोपऱ्यातला कॅटररचा माणूस गॅस बंद करून उभा राहिला. एका बाईने तिच्या मुलीचे कान झाकले. सासूबाई माझ्याजवळ आल्या, दंड धरला आणि दातांतून बोलल्या, "तमाशा करू नकोस. आत चल."

"आत नाही जायचं," मी म्हणाले. "आत्तापर्यंत सगळं आतच झालं."

सनीचा चेहरा पांढरा पडला होता. तो जागचा हलला नाही. मी त्याच्याकडे बोट केलं आणि विचारलं, "सांग. कुठून आलं?"

तो वडिलांकडे बघत राहिला. सासरे उठले. सगळी हयात हुकूम देण्यात गेलेला माणूस. मला क्षणभर वाटलं, ते मुलाला हुकूम देतील.

त्यांनी मला दिला. "बहू, अंदर जाओ. नाऊ."

मी फुलांचा मुकुट काढून झोपाळ्यावर ठेवला. आत जाऊन पर्स घेतली. फाटकाबाहेर येऊन कॅब बोलावली आणि मोहालीला आले. वाटेत रडू आलं, भीती वाटली, बरंही वाटलं. सगळं एकदम. बाळ पोटात लाथा मारत होतं आणि मी त्याला मोठ्याने सांगत होते, थांब जरा, थांब. कॅबवाल्याने आरशातून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सनी आला. मी साखळी न काढता दार उघडलं.

"मेरी इज़्ज़त का फालूदा कर दिया यार तूने."

"सुई घेतलीस?"

"ले लूँगा. आंटी घर पे आ के दे देंगी."

"आंटी नाही. सरकारी दवाखान्यात. माझ्याबरोबर. मी समोर उभी राहणार."

"तुझे मुझ पे भरोसा नहीं?"

मला हसू आलं. खरंच हसले, दाराच्या फटीतून. त्यालाही कळलं असावं, कारण त्याने तो प्रश्न परत विचारला नाही.

तो आला. आणखी एका दिवसाने, टोपी खाली ओढून, तोंडाला मास्क लावून. दवाखान्यातल्या रांगेत कुणी ओळखेल म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा. माझ्यासारख्या पोट सावरत उभ्या असलेल्या बायका होत्या, मनीमाजऱ्याच्या गल्ल्यांतल्या, झोपडपट्टीच्या कॉलन्यांतल्या. त्यांच्याबरोबर नवरे नव्हते. त्या तिथे कशासाठी आल्या होत्या मला ठाऊक नाही. पण त्यांच्यातल्या किती जणींच्या घरी पुरुषांनी एका फोनवर "सब हो गया" म्हटलं असेल, हा विचार डोक्यातून जाईना.

इथेही आतल्या खोलीत फक्त बायका. सिस्टरने हात आडवा केला. "भाई साहब, बाहर."

सनी लगेच मागे सरला. मी त्याचं मनगट धरलं.

"सिस्टर, ये बाहर बैठा रहा, इसीलिए मैं दोबारा आई हूँ."

तिने माझं पोट पाहिलं, त्याची टोपी पाहिली. डॉक्टरला विचारून आली आणि मग आम्हाला शेजारच्या खोलीत नेलं. त्याचं रक्त घेतलं. निकाल काय येणार ते आम्हा दोघांना माहीत होतं, आणि तोच आला. सुईची वेळ झाली तेव्हा तो पलंगावर पालथा पडला आणि मी पायथ्याशी उभी राहिले. औषध आत जाताना तो ओरडला. बाहेरच्या बायकांना ऐकू गेलं असणार.

"बहुत दर्द होता है यार," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणाले.

त्याने सगळ्या सुया घेतल्या. प्रत्येक वेळी मी समोर होते. माझ्याही तिथेच पूर्ण झाल्या. बाळ हलतं, वाढतं. जन्मल्यावर त्याचीही तपासणी होईल, लागलं तर त्यालाही औषध देतील. पूर्ण खात्री कुणीच देत नाही आणि मी मागतही नाही. खात्रीवर माझा विश्वास उरलेला नाही.

शेवटची सुई झाली त्या संध्याकाळी तो बॅग घेऊन दारात. "अब तो सब हो गया. अब क्या?"

"आईला सांगितलंस, तुझ्यामुळे झालं म्हणून?"

"वो बात छोड़ ना. सुई ले ली ना मैंने."

"सुई बाळासाठी घेतलीस. माझ्यावर उपकार नाही केलेस." मी दार लावलं. तो बराच वेळ बेल वाजवत होता. मग लिफ्टचा आवाज आला.

काल सासूबाईंचा फोन आला. आवाज मऊ. बाळंतपण कोठीवरच होऊ दे म्हणाल्या. खालची खोली तयार करते. ओटी राहिली आहे, ती घरातल्या घरात भरू. झालं गेलं विसरून जा.

मी म्हणाले, "आई, तुमचा मुलगा तुम्हाला काय घडलं ते स्वतःच्या तोंडाने सांगेल, तेव्हा विचार करीन."

त्या उसासल्या. "अगं, मला काय कळत नाही का? आई आहे मी त्याची. पहिल्या दिवशी फोन आला तेव्हाच कळलं होतं. पण मुलांचं असं बोलायचं नसतं."

इतके महिने मला वाटत होतं की लॉनवर मी बोलेपर्यंत त्यांना माहीत नव्हतं. जुन्या विचारांच्या आहेत, गैरसमज झालाय, कुणी नीट समजावलं तर समजतील. मी त्यांच्यासाठी मनातल्या मनात सबबी शोधत होते. गैरसमज कसला? त्यांना माहीत होतं. आंटीला माहीत होतं. सनीला तर होतंच. मला अंधारात कुणी ठेवलं नव्हतं, खड्ड्यात ठेवलं होतं, आणि काठावर तिघं उभी होती, सगळं बघत.

"मी बोलणार आहे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"बाळंतपण सरकारी दवाखान्यात होईल. तिथले डॉक्टर विचारतील आजार कुठून आला, तर सनीचं नाव सांगणार. बाळाला सुई द्यावी लागली आणि कुणी विचारलं का, तर नाव सांगणार. तुमच्या लॉनवर आलेल्या बायका बाजारात भेटल्या आणि त्यांनी नजर फिरवली, तर थांबवून सांगणार. पोर मोठं झालं आणि त्याने विचारलं, तर त्यालाही सांगणार."

"घराण्याचं नाव मातीत जाईल," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.